शाळेपुरता बाप

माझं लग्न व्हायच्या आधीच मी एका पोरीचा बाप झालो. तेही कागदोपत्री, फोटोसकट. पोर माझ्या थोरल्या भावाची. भाऊ चांगला धडधाकट, लातूरला मोंढ्याच्या बाजारात सरकी पेंडीचं दुकान चालवतो. आणि त्याच्या जागी, त्याचं नाव सांगून, मी इंग्रजी शाळेच्या ऑफिसात टाय बांधून बसलो. नांदेडला आमच्या स्टाफरूममध्ये मी हा किस्सा एकदा रंगवून सांगितला होता. लोक पोट धरून हसले, एकानं पाठीवर थापही मारली. पण तिथं मी त्यातलं एक वाक्य गाळलं होतं. ते घातलं असतं तर कुणी हसलं नसतं. इथं घालतोय.

थोरल्या भावाला घरात सगळे अण्णा म्हणतात. आम्ही मूळचे निलंग्याकडचे. वडील गेले तेव्हा अण्णा दहावीत होता आणि मी चौथीत. त्यानं बोर्डाचा फॉर्म भरला होता, पण परीक्षेला काही बसला नाही. दुकानाच्या किल्ल्या घेतल्या आणि गल्ल्यावर जाऊन बसला. त्यानंतर माझी बारावी, बीएस्सी, एमएस्सी, सगळं त्या दुकानावर झालं. सुट्टीत मी म्हणायचो, 'अण्णा, येऊ का मदतीला?' तर म्हणायचा, 'तू पुस्तकाकडं बघ. हितं नुस्ती धूळ हाय.' आता मी नांदेडच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. समोर शंभर-दीडशे पोरं बसलेली असतात, दिवसभर सर, सर चाललेलं असतं. एवढ्यानं माणूस शेफारतो. मी शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू.

अण्णाला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली. त्या नऊ वर्षांत वहिनींनी काय काय ऐकून घेतलं असेल ते त्यांनाच ठाऊक. पोर झाल्यावर अण्णा पार बदलून गेला. जो माणूस सणालाही दुकान बंद करत नव्हता, तो भर दुपारी गिऱ्हाईक सोडून घरी यायचा, तिला दूधभात भरवायचा आणि परत जायचा. पोरगीही त्याला अण्णाच म्हणायची. आमच्याकडं असंच असतं, घरातली मोठी माणसं ज्याला जे म्हणतात तेच लेकरू उचलतं. बाबा, पप्पा असले शब्द आमच्या घरात कुणाच्याच वाट्याला आलेले नव्हते.

लातूरला शिक्षणाचं काय खूळ आहे ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. अकरावी-बारावीला चार जिल्ह्यांतली पोरं इथं खोल्या करून राहतात हे जुनंच आहे. पण ते खूळ खाली खाली सरकत नर्सरीपर्यंत येऊन पोचलं होतं. शहराबाहेर एक नवी शाळा निघाली होती. नर्सरीला जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. त्यात लेकरापेक्षा आईबापाची मुलाखत मोठी. वहिनींच्या गल्लीतल्या बायकांमध्ये बातमी पसरली की बाप शिकलेला नसला की अर्ज बाजूला टाकतात. कुणाचा टाकला, कुणी बघितलं, हे एकीनंही विचारलं नाही. वहिनी स्वतः बीए झालेल्या, उदगीरच्या कॉलेजातून. त्यांनी मला नांदेडला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "भावजी, माझं सोडा, पण ह्यांचं शिक्षण काय लिहू?"

त्या रविवारी मी लातूरला गेलो. जेवताना विषय निघाला. अण्णा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "तू जा की."

"कुठं?"

"मुलाखतीला. माझ्या जागी. तुला कोण वळखतं हितं? मी गेलो तर तोंडातून हाव आन् न्हाई निघंल, पोरीचं नुस्कान व्हईल."

मी म्हणालो, "काहीतरीच काय अण्णा!" पण कसं म्हणालो ते सांगतो. पंगतीत आग्रह झाल्यावर पाहुणा 'नको नको' म्हणत ताट पुढं करतो ना, तसं. मला आतून गुदगुल्या झाल्या होत्या. अण्णाच्या घरातली सगळ्यात मोठी अडचण माझ्या इंग्रजीनं सुटणार होती! वहिनी नुसत्या अण्णाच्या ताटात भाजी वाढत राहिल्या. मुलाखत झाल्यावर पुढं काय, पोर त्या शाळेत वर्षानुवर्षं जाणार, तिचा बाप कुणीतरी असायला पाहिजे, हा विचार आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून लोक शेजारच्या घरातला सोफा आणून मांडतात. तेवढंच समजलो आम्ही ते.

अर्ज मीच भरला. नाव अण्णाचं, फोटो माझा. शिक्षण माझं, धंदा अण्णाचा. एमएस्सी फिजिक्स, व्यवसाय पशुखाद्य विक्री. आधार कार्डाची प्रत जोडायची होती, पण आमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याच्या कृपेनं तिथं चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग होता. त्या डागात अण्णाही बसला असता आणि मीही.

राहिली पोर. ती मला काका म्हणायची. मार्ग वहिनींनीच काढला. पप्पा हा शब्द रिकामाच आहे, तो भावजींना देऊ. अण्णाला ती अण्णाच म्हणू दे, तिला खोटं शिकवल्यासारखंही होणार नाही. मी क्लासमधून आठ दिवसांची रजा टाकली आणि लातूरला मुक्काम ठोकला. पप्पा म्हटलं की एक गोळी, काका म्हटलं की गोळी नाही. पहिले दोन दिवस ती गोंधळली, मग मात्र चटकन शिकली. आणि हे शिकवण्यात पुढाकार कुणाचा, तर अण्णाचा. संध्याकाळी दुकानावरून यायचा, हातपाय धुवायचा, तिला मांडीवर घ्यायचा आणि माझ्याकडं बोट दाखवून विचारायचा, "ह्यो कोण हाय बाय?"

"पप्पा!"

"शाब्बास माझी वाघीण!" असं म्हणून स्वतःच टाळ्या वाजवायचा.

मी हसत होतो. त्या आठ दिवसांत मला एकदाही लाज वाटली नाही, हे लिहिताना आत्ता वाटतेय.

एका संध्याकाळी अण्णानंच विचारलं, "आन् तिथं तिनं माझं नाव घेतलं तर?"

मी म्हणालो, "माझे मोठे भाऊ आहेत म्हणून सांगेन."

"हां. ते बेस झालं. त्यात खोटं बी काई न्हाई." आणि तो समाधानानं आंघोळीला गेला. एवढं एकच त्यानं माझ्याकडून ठरवून घेतलं होतं.

मुलाखत जानेवारीत होती, सकाळी अकराची. अण्णानं त्या दिवशी शाळेकडं फिरकायचं नाही, दुकानावर बसायचं असं ठरलं. मी, वहिनी आणि पोर रिक्षानं गेलो. बाहेर बाकांवर आईबापांची गर्दी. काहीजण लेकरांकडून रंग घोकून घेत होते, एक बाई लेकराच्या तोंडात बदाम कोंबत होती. माझ्या शेजारी एक वेल्डिंगवाला बसला होता. शर्ट इस्त्रीचा, पण बाह्यांवर ठिणग्यांची बारीक बारीक भोकं. त्यानं मला हळूच विचारलं, "साहेब, विंग्रजीत इचारतेत का हो?" मी पायावर पाय टाकला आणि म्हणालो, "थोडंफार यायला तर पाहिजे." बिचाऱ्याचा चेहरा उतरला. मला त्याचंही काही वाटलं नाही.

मग आम्हाला आत बोलावलं. मुख्याध्यापिका मॅडम पन्नाशीच्या, शांत. अण्णाचं नाव घेऊन त्यांनी मला 'बसा' म्हटलं आणि मी बसलो. त्या अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत बोलत होत्या. मी मात्र सगळी उत्तरं इंग्रजीत ठोकून देत होतो. मुलीला गोष्टी कोण सांगतं? मी. तिच्याबरोबर जेवायला कोण बसतं? मी. फिजिक्स शिकून धंद्यात कसे पडलात? त्यावर तर मी वडिलोपार्जित व्यवसाय, जबाबदारी, त्याग असं काय काय बोललो. तो त्याग अण्णाचा होता. मी त्याच्या तोंडचा घास उचलून मॅडमसमोर मिटक्या मारत खात होतो आणि वहिनी शेजारी पदराचं टोक चिमटीत धरून बसल्या होत्या.

सगळं झकास चाललेलं असताना पोर एकदम खुर्चीवर उभी राहिली. तिचं तोंड खिडकीकडं. आणि आनंदानं ओरडली, "अण्णा!"

मी वळून बघितलं. खिडकीबाहेर व्हरांड्यात अण्णा उभा होता. पोरीची पाण्याची बाटली घरीच राहिली होती आणि ती दुसऱ्या कुठल्या बाटलीतून पाणी पीत नाही, म्हणून दुकानावरून तसाच निघून आला होता. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्यावर पेंडीचा भुसा, गळ्यात पंचा. वॉचमन त्याला पुढं सोडत नव्हता आणि तो त्याला काहीतरी विनवत होता. बोलता बोलता पंच्याच्या टोकानं बाटलीचं झाकण पुसत होता. त्याचं आमच्याकडं लक्ष नव्हतं.

मॅडमनी खिडकीतून पाहिलं आणि मला विचारलं, "हे कोण?"

माझे मोठे भाऊ. तीन शब्द. ठरलेले. त्यात खोटं काही नव्हतं, अण्णाच म्हणाला होता. पण मी त्या भुशाकडं पाहिलं, त्या पंच्याकडं पाहिलं. दहा मिनिटं मी इतकं छान इंग्रजी बोललो होतो! माझी जीभच वळेना. आणि मी म्हणालो, "आमच्या दुकानातला माणूस आहे."

वहिनींच्या हातातला पदर सुटला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मी जिकडं पाहत होतो त्या खिडकीकडं पाहिलं.

"मुलीला फार लळा दिसतोय त्यांचा," मॅडम म्हणाल्या.

"हो, जुना माणूस आहे. घरच्यासारखाच." हेही मीच म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं. एकदा घसरल्यावर थांबायची अक्कल तरी असावी! मॅडम कौतुकानं हसल्या, म्हणाल्या, कामाच्या माणसांना असं वागवणारी माणसं आता राहिली नाहीत. पोर माझ्या आणि मॅडमच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती.

बाहेर आलो तेव्हा अण्णा बाटली वॉचमनकडं देऊन निघून गेला होता. उगीच आपल्यामुळं घोळ नको म्हणून. रिक्षा घराजवळ आल्यावर वहिनी एवढंच म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका." मी मान हलवली. सांगायची माझी काय छाती होती? संध्याकाळी अण्णानं दारातूनच विचारलं, "कसं झालं रं?" मी म्हणालो, "एक नंबर." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी नांदेड गाठलं.

यादीत आमच्या पोरीचं नाव आलं. अण्णानं मोंढ्यात हमालांपासून अडत्यांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की माझ्या भावामुळं झालं. मला फोनवर म्हणाला, "तू हायस म्हणून रं, न्हाई तर आमचं काय खरं न्हवतं." मी हं हं करत राहिलो. पुढं महिन्याभरानं वहिनींकडून कळलं, त्या वेल्डिंगवाल्याच्या पोराचंही नाव यादीत होतं, आमच्या पोरीच्या वर. त्यानं मॅडमना सरळ सांगितलं होतं की मला इंग्रजी येत नाही, पोराला यावं म्हणून आलोय. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं. झालं. संपली त्याची मुलाखत. कप्पाळ माझं! अण्णा स्वतः गेला असता आणि तोंडभरून हाव म्हणाला असता तरी पोरीला जागा मिळाली असती.

शाळा सुरू झाली. पोरीला न्यायला-आणायला कार्डं होती, आईबापाचं निळं, फोटोवालं. बापाच्या कार्डावर माझं थोबाड. मी नांदेडला, म्हणजे ते कार्ड कपाटात आणि वहिनींची रोजची धावपळ. पावसाळ्यात वहिनींना टायफॉइड झाला, आठवडाभर दवाखान्यात ठेवलं. आता पोरीला आणणार कोण? वहिनींनी पडल्या पडल्या शाळेत फोन केला. मॅडमनी स्वतःच सुचवलं, "तुमच्या दुकानातले ते आहेत ना, बाटली घेऊन आले होते ते? त्यांना पाठवा, कार्ड करून देते." मॅडमना माझं वाक्य बरोबर लक्षात राहिलं होतं. वहिनी काय बोलणार? बोललं तर बिंग फुटणार, पोरीची जागा जाणार. त्यांनी बरं म्हटलं.

ड्रायव्हर आणि नोकरांसाठी शाळेची पिवळी कार्डं असतात. वहिनी बऱ्या झाल्या तरी पोरीला आणायचं काम अण्णानं सोडलं नाही. त्याला ते फार आवडायला लागलं होतं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दिवाळीच्या आधी शाळेनं आईबाप दोघांनाही बोलावलं, नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी नांदेडहून आलो. परत अण्णाचं नाव, परत मान डोलावणं. पोरगी हुशार आहे, सगळ्यांशी मिळून मिसळून असते, असं वर्गाच्या बाईंनी सांगितलं. ते ऐकायला तिचा बाप तिथं नव्हता. मी ऐकलं आणि थँक्यू म्हणालो. शाळा सुटली. वहिनी आणि मी मोठ्या गेटनं बाहेर आलो, तिथं निळ्या कार्डांचे आईबाप सावलीत उभे होते. पोरगी दिसेना. वहिनी म्हणाल्या, "ती तिकडून येते." मी तिकडं गेलो.

बाजूच्या लहान गेटला उन्हात रांग होती. रिक्षावाले, ड्रायव्हर, घरकामाच्या दोन बायका. आणि त्यांच्यात अण्णा. गळ्यात पिवळं कार्ड. त्यावर त्याचा फोटो, नावाच्या जागी नुसतं 'अण्णा', आणि खाली इंग्रजीत 'स्टाफ' लिहिलेलं. मला बघून त्यानं हात वर केला, तोंडभर हसला. तेवढ्यात पोर आतून पळत आली आणि त्याच्या पायांना बिलगली. गेटवरच्या बाईनं कार्ड बघून वहीत खूण केली. नोकराच्या हवाली केल्याची.

माझं डोकंच फिरलं. राग कुणाचा आला म्हणाल तर माझाच, पण ओरडलो त्याच्यावर. "अण्णा, काढ ते आधी! मी आत्ता जाऊन मॅडमना सगळं सांगतो. काय व्हायचं ते होऊ दे!"

अण्णानं माझं मनगट धरलं. पोती उचलून उचलून त्याचा पंजा असा झालाय की धरलं म्हणजे धरलं. "काय सांगनार? आन् तिला काडून टाकलं तर? वरीस वाया जाईल पोरीचं. गप ऱ्हा."

"अरे, त्यावर काय लिहिलंय ते वाचलंस का?"

"वाचलं की. तेवढी विंग्रजी येती मला." मग म्हणाला, "आन् मला ठावं हाय ते. पोरीनं त्याच दिशी सांगितलं होतं मला. म्हनली, अण्णा, पप्पा म्हनले तू दुकानातला माणूस हायस. मी म्हनलं, हाय की बाय. दुकानातच तर असतो मी."

दहा महिने त्याला माहीत होतं. पेढे वाटताना माहीत होतं. फोनवर 'तू हायस म्हणून रं' म्हणताना माहीत होतं. मी त्याच्या पाया पडायला हवं होतं, तिथंच, त्या रांगेत. पडलो नाही. चार लोक बघत होते.

अण्णानं पोरीचं दप्तर आपल्या खांद्याला अडकवलं. माझ्याकडं न बघता म्हणाला, "येक इचारू का? मी तवा तिथं व्हरांड्यात हुबा होतो, बाटली घिऊन. तुला दिसलो होतो का?"

वहिनी मागून येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "मला काही दिसलं नाही. पोर ओरडली तसा गडबडलो आणि तोंडातून निघून गेलं."

"तेच म्हनलं मी," अण्णा म्हणाला. त्याचा चेहरा असा मोकळा झाला की मला बघवेना. "मला बघून तसं न्हाई म्हननार तू. मंग काई न्हाई."

वहिनींनी माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि रिक्षा शोधायला पुढं निघून गेल्या. अण्णानं पोरीला मोटारसायकलच्या टाकीवर बसवलं, गाडी चालू केली आणि मला म्हणाला, "बस मागं." मी बसलो.